बोर्डावर आईचं नाव, खात्यावर कोणाचं?

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात गेली काही वर्षं एक वाक्य फार ऐकू येतं. बचत गटाच्या मेळाव्यात ते असतं, पर्यटनाच्या परिसंवादात असतं, नव्या होमस्टेचं उद्घाटन झालं की प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातही असतं. पर्यटनामुळे आमच्या किनाऱ्यावरची बाई सक्षम झाली, पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन उन्हातान्हात मासे विकत फिरायची, आता घरबसल्या कमावते, उद्योजिका झाली. टाळ्या पडतात. पुढचा वक्ता तेच वाक्य थोडं फिरवून पुन्हा म्हणतो.

हे वाक्य खोटं आहे. त्याला अपवाद आहेत. स्वतःच्या नावावर धंदा उभारून हिमतीने चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण अपवाद पुढे करून सरसकट सगळ्यांच्या गळ्यात हार घालायचा, आणि त्या हाराखाली कोणाचे किती कष्ट दडपले जातात हे विचारायचंच नाही, हे आता पुरे झालं.

आधी काय बदललं ते नीट सांगू. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तारकर्लीच्या वाळूवर खोल्या उभ्या राहिल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग आणि स्कूबा सुरू झालं. याच काळात समुद्राने हात आखडता घेतला. खरं तर समुद्राने नव्हे, मोठ्या यांत्रिक बोटींनी आणि पर्ससीन जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे किनाऱ्याला लागायच्या आधीच उचलले. पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. तोवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोराने ओढायची मोठी जाळी, मोडकळीला आली होती. अख्खा वाडा ज्या दोराला हात लावायचा, त्या दोराला माणसं मिळेनाशी झाली. माणसांनी हौसेने धंदा बदलला नाही. पोटासाठी बदलला.

पुरुषाचा धंदा बदलला तेव्हा त्याला नवं नाव मिळालं. कालचा रापणकर आज बोटवाला आहे, गाईड आहे, डायव्हर आहे. तारकर्लीत स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि ते फ्रेम करून भिंतीवर लागतं. लागायलाच हवं. समुद्राखालची वाट ओळखणाऱ्या पोराचं ज्ञान कुणीतरी कागदावर मान्य केलं याचा मला आनंद आहे. त्याच्या कामाला वेळ आहे, हंगाम आहे. मेअखेरीस जलक्रीडा बंद होतात, ऑगस्ट सरेपर्यंत बंद राहतात. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पावसाळा म्हणजे बोट शाकारायची, जाळी विणायची, झोप पुरी करायची.

त्याच घरातल्या बाईला या बदलात काय मिळालं?

माझी आई मासे विकायची. पहाटे किनाऱ्यावर लिलाव, तिथे बोली लावायची, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून भाव तोडायचा, मग पाटी उचलायची. बांगडा, पेडवे, मुडदुशे, नशीब असलं तर सरंगा. बाजारात तिची जागा ठरलेली होती, गिऱ्हाईकं ठरलेली होती. कोणाची उधारी किती, कोणाच्या घरात बाळंतीण आहे म्हणून मोरी राखून ठेवायची, हे सगळं तिच्या डोक्यात. पैसे कनवटीला. त्यातले घरात किती द्यायचे हे ती ठरवायची. दुपारी पाटी रिकामी झाली की काम संपलं. घरी येऊन घरकाम होतंच, पण बाजारातलं काम बाजारात संपायचं.

ते आयुष्य सोपं होतं असं कोणी म्हणू नये. मानेचे मणके झिजले, पायाला भेगा पडल्या, गाडीत पाटी चढवताना वासावरून बोलणी खावी लागली. पावसात मासळी नाही म्हणून सुके बांगडे आणि गोलमा विकून दिवस ढकलले. माझ्या पिढीतल्या मुलींनी ती पाटी उचलावी असं मला वाटत नाही, माझ्या आईलाही वाटत नव्हतं. मासेविक्री हे हलकं काम, असं मात्र जे सुचवतात त्यांना मी विचारते, हलकं कशाने? वासाने? मग तोच बांगडा तिरफळ घालून ताटात आला की त्याची चव कशी लागते? बाजारात चारचौघांत उभं राहून स्वतःचा माल स्वतःच्या तोंडाने विकणारी बाई हलकी, आणि मागच्या दाराच्या स्वयंपाकघरातून ताटं पुढे सरकवणारी बाई प्रतिष्ठित, हा हिशेब कोणी मांडला?

आता ते स्वयंपाकघर बघू. देवबागला, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवरचं घर. पाहुण्यांसाठी चार खोल्या. मे महिन्याची पहाट. साडेपाचला पहिला चहा, कारण डॉल्फिन बघायला जाणारी मंडळी लवकर निघतात. मग नाश्ता, कोणाला घावणे हवेत, कोणाला आंबोळ्या, कोणाच्या मुलाला फक्त ब्रेड-बटर. नाश्त्याची भांडी पडली आहेत तोवर नारळ फोडायचे, आडाळ्यावर खवायचे, वाटप वाटायचं. मिक्सर आहे, पण वीज जाते. मासे निवडायचे. एका खोलीत शाकाहारी, एका खोलीत कोंबडी-वडे, एका खोलीत सुंगटांची आमटी. अकराला खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, वाळूने भरलेलं न्हाणीघर धुवायचं. दोनला पहिली पंगत. साडेतीनला घरची बाई स्वतः जेवते, उभ्यानेच. पाचला पुन्हा चहा आणि भजी. रात्री पाहुणे दहाला जेवायला बसतात, कारण ते सुट्टीवर आहेत आणि त्यांना घाई नाही. भांडी आवरून ती आडवी होते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. तिची स्वतःची खोली पाहुण्यांना दिलेली असते. मे महिनाभर ती स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत चटई टाकून झोपते.

मी तिला विचारलं, पाहुणे काय म्हणतात? ती म्हणाली, “जेवणाचा कवतिक सगळे करतत. नाव कोण इचारना नाय.”

घराबाहेरच्या बोर्डावर तिच्या सासूचं नाव आहे. असे बोर्ड तुम्हाला या किनाऱ्यावर पुष्कळ दिसतील, आईच्या नावाचे, आजीच्या नावाचे, नाहीतर देवीच्या नावाचे. आत गेलं की टेबलावर पैसे भरायचा क्यूआर कोड असतो. तो मुलाच्या फोनचा. नाहीतर नवऱ्याचा. घराचा उतारा सासऱ्याच्या नावावर, नोंदणी नवऱ्याच्या, बुकिंगचा फोन मुलाकडे. आणि बँकेत कधी अर्ज भरायची वेळ आली तर चार खोल्यांचा धंदा पेलणारी ही बाई ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिते ‘गृहिणी’. तिच्या सासूने तिथे ‘मासे विक्री’ लिहिलं असतं. एका पिढीत आम्ही एवढे पुढे गेलो.

यावर उत्तरं येतात, आणि ती ठरलेली आहेत.

पहिलं, पूर्वी ती घरच्यांसाठी फुकट रांधायचीच, आता त्याच रांधण्याचे पैसे मिळतात, मग तक्रार कसली? पैसे मिळतात हे खरं, पण ते कोणाला मिळतात? घराला मिळतात. घर म्हणजे कोण, हे पैशाचा निर्णय घेताना कळतं. नवी बोट घ्यायची, वर आणखी दोन खोल्या चढवायच्या, मुलाला गाडी घ्यायची, हे ठरवताना तिला कोण विचारतं? कनवटीचा पैसा ती कोणाला न विचारता मोडत होती. मुलीच्या हातात गुपचूप शंभर रुपये ठेवत होती, आजारी बहिणीला भेटायला जात होती. आता त्यासाठी तिला मुलाकडे मागावं लागतं. मुलगा देतो, चांगला आहे, पण मागावं लागतं. शिवाय रांधणंही ‘तेच’ राहिलेलं नाही. घरच्या सहा जणांचं रांधणं आणि पाहुण्यांच्या बारा-पंधरा जणांचं रांधणं एकाच चुलीवर, एकाच हाताने होतं. देशभरात घेतलेल्या वेळ-वापराच्या सरकारी पाहणीत २०१९ साली असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. देवबागच्या बाईची मिनिटं यातल्या कुठल्या रकान्यात घालणार? एकाच टोपात शिजणाऱ्या आमटीतली किती घरची आणि किती धंद्याची? ही सरमिसळच तिच्या मुळावर आली आहे. तिचं काम घरकामात विरघळून जातं, म्हणून त्याची मजुरी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरं उत्तर, बाई घरातल्या घरात सुरक्षित राहते, बाहेर फिरावं लागत नाही. हे म्हणणाऱ्यांनी बाजारातल्या बायकांच्या रांगेत एक सकाळ बसून बघावं. तिथे भांडणं असतात, शिव्याही असतात, पण तिथे सोबत असते. एकीच्या नवऱ्याने मारलं तर दुसरीला दिसतं, एकीला ताप असला तर शेजारची तिचा वाटा विकून देते. जगात काय चाललं आहे ते तिथे कळतं. घरबसल्या धंद्याने ती सोबत काढून घेतली. हंगामात तर शेजारीण शेजारणीला भेटत नाही, कारण दोघींच्या घरी पाहुणे. आणि पाहुणे मालवणला कशासाठी येतात? शांततेसाठी, मन हलकं करायला, शहरात शिणलेलं शरीर सैल सोडायला. त्यांनी जरूर यावं. त्यांच्यातही कितीतरी थकलेल्या बायका असतात ज्यांना चार दिवस आयतं ताट मिळणं हे मोठं सुख असतं. पण एकीची विश्रांती दुसरीच्या झोपेतून कापून काढली जात असेल तर त्या विश्रांतीचे खरे दर आपण लावलेले नाहीत.

तिसरं उत्तर इतिहासाचं, आणि ते मला सर्वांत जास्त खटकतं. पर्यटनाने कोकणच्या बाईला घर चालवायला शिकवलं म्हणे. अहो, ही बाई शंभर वर्षं घर चालवते आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. बाप्ये मुंबईला चाकरीला, बायका इथे. मनीऑर्डर आली तरी शेत तिने लावलं, भात तिने कापलं, म्हाताऱ्यांची आजारपणं तिने काढली, कोर्टकचेरीला तालुक्याला तीच गेली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी चाकरमान्यांची नोकरी कायमची गेली. माणसं गावी परतली ती एक ओळख हरवून. खात्यातला जॉबर किंवा विणकर म्हणून ज्याला मुंबईत मान होता तो गावच्या पडवीत दिवसभर बसून राहू लागला. काही सावरले, काही दारूत गेले. त्या घरांच्या चुली कोणी पेटत्या ठेवल्या? पुरुषाचं काम बदललं किंवा बुडालं की कुटुंब तगवायचं काम बाईवर येतं, ही आमची जुनी रीत आहे. होमस्टे हा तिचाच पुढचा भाग. त्याला सक्षमीकरण म्हणणं म्हणजे ती पूर्वी अशक्त होती असं म्हणणं.

इथे कोणी विचारेल, पुरुषाच्या मनाचं काय? त्याचीही ओळख गेलीच ना? गेली. हा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नाही. ज्याच्या आज्याने रापण लावली, बापाने लावली, त्याला पर्यटकाच्या कमरेला लाइफ जॅकेट बांधताना आत काय वाटतं, हे फार कमी लोक विचारतात. काही तरुण हे काम आनंदाने करतात. काहींना वाटतं की आपण दर्यावर्दी होतो आणि आता लोकांना फेऱ्या मारून आणतो. या दुःखाला वाट मिळायला हवी, त्यावर मोकळं बोलणं व्हायला हवं, गावोगावी समुपदेशनाची सोय व्हायला हवी. पण त्या दुःखाची भरपाई बायकोच्या अठरा तासांतून करायची नाही.

चौथं उत्तर सगळ्यात लाडकं, घरचा धंदा आहे, त्यात तुझं-माझं कसलं? हे उत्तर देणाऱ्यांना मी त्यांच्याच रापणीकडे घेऊन जाते. रापण हे एकजुटीचं काम, वाड्याचं काम, कधीकधी भावकीचं काम. तरी मासळी विकली गेली की वाटे पडत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. भाऊ म्हणून भावाचा वाटा कोणी बुडवला तर वाड्यात बैठक बसे. वाटा मागणं म्हणजे घर फोडणं असं कोणी मानलं नाही, उलट वाटे चोख पडत म्हणून माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा दोराला येत. ज्या समाजाने वाळूवर ओल्या अंगाने उभं राहून इतका नेमका हिशेब ठेवला, त्याला घराच्या आत शिरल्यावर हिशेब येईनासा का होतो? खोलीचा वाटा लावा, बोटीचा वाटा लावा, आणि रांधणाऱ्या हाताचाही लावा.

पाचवं उत्तर मी फक्त नोंदवते. तिलाच आवडतं, ती अन्नपूर्णा आहे. रांधणं आवडतं हे खरं असेल. आवडत्या कामाला सुट्टी लागत नाही आणि मजुरी लागत नाही, हे कुठून काढलं? डायव्हरलाही समुद्र आवडतो.

याच जिल्ह्यात दुसरा रस्ता आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना कांदळवनाची झाडं, पक्षी, खाडीचं जगणं समजावून सांगतात. त्यांच्यातल्या कितीजणींचं आयुष्य मासळीवरच गेलेलं. तिथे पाहुणा बाईचं नाव विचारतो, कारण ती त्याच्यासमोर बसलेली असते आणि तिच्याकडे सांगण्यासारखं ज्ञान असतं. पैसे गटाच्या खात्यात जातात. सफरीला वेळ असते आणि ती संपली की होडी बांधून बायका घरी जातात. तिथेही अडचणी असतीलच, पण नाव, पैसा आणि संपणारं काम या तीनही गोष्टी तिथे आहेत. मासेविक्रीतही त्या होत्या. होमस्टेने त्या घालवल्या, आणि त्या परत आणणं अशक्य नाही.

शासनाकडे त्यासाठी बोट दाखवायचं कारणही उरलेलं नाही. राज्याचं ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा निर्णय तर २००३ सालचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला होता. कोरडवाहू शेतकऱ्याला जे जमलं ते समुद्रकाठच्या घरांना का जमू नये? आमची घरं सामायिक असतात, उताऱ्यावर दहा नावं असतात, त्यातली चार मुंबईत, दोन हयात नाहीत, हे मला माहीत आहे. पण नोंदणी नवऱ्याच्या नावाने करताना ही दहा नावं आड येत नाहीत, मग बायकोच्या नावाने करताना कशी येतात?

धोका दुसराच आहे. कर्जाच्या सवलतीसाठी कागदावर बाई आणि कारभार पुरुषाकडे, हे सरपंचपदात आपण पाहिलं आहे. म्हणून नावापाशी थांबून चालणार नाही. बुकिंगचा फोन तिच्याकडे असायला हवा. क्यूआर कोड तिच्या खात्याचा असायला हवा. दरपत्रकावर खोलीच्या भाड्याखाली एक ओळ छापायला हवी की रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघर बंद. शहरातलं कुठलंही हॉटेल वेळ लावतं आणि पाहुणे ती पाळतात, इथेही पाळतील. भांडी आणि चादरी यासाठी पगारी माणूस ठेवायला हवा आणि तो खर्च दरात धरायला हवा. मे महिन्यातही आठवड्याचा एक दिवस बुकिंग घेऊ नये. दर परवडणार नाही अशी भीती दाखवली जाते. एका बाईची मजुरी शून्य धरून लावलेला दर स्वस्त असणारच. तसा दर लावून शेजारच्या घराशी स्पर्धा करायची म्हणजे दोन्ही घरांतल्या बायकांना एकमेकींविरुद्ध राबवायचं. गावाने एकत्र बसून किमान दर ठरवला तर ही स्पर्धा थांबते. मासळीच्या लढ्यासाठी हेच गाव एका हाकेत रस्त्यावर उतरलं होतं.

दिवाळीचा हंगाम सुरू व्हायच्या आत यातलं निम्मं तरी करता येईल. ग्रामपंचायतीतला अर्ज, बँकेतलं खातं, फोन नंबर जोडणं, नवा क्यूआर कोड छापणं, या सगळ्याला एखादा दिवस जाईल. त्या दिवशी तिने तालुक्याला जावं, काम झाल्यावर बाजारात बसलेल्या ओळखीच्या बायकांना भेटून यावं, आणि घरी पाहुणे असतील तर त्यांचं दोन्ही वेळचं जेवण घरातल्या बाप्यांनी रांधावं.